निघाली!

हरीओमच्या कारंजा गावातल्या छापखान्यात आजवर लग्नपत्रिकाच छापल्या गेल्या. या खेपेला मात्र त्याची मुलगी वैजयंती अकोल्याच्या कॉलेजातून सिलिकॉनच्या निळ्या चकत्या घेऊन आली होती. तिथं छपाईची सोय नव्हती. चकतीच्या निळ्या अंगावर चांदीच्या लगद्याच्या केसासारख्या रेघा छापायच्या, मग त्या भट्टीत भाजायच्या. उन्हानं चकतीत तयार होणारी वीज या रेघांतूनच बाहेर येते. उद्या कॉलेजात तिला अशी एक तरी चालती चकती दाखवायची होती.

रेघाच तर हरीओमला रडवत होत्या. छपाईच्या जाळीवरून रबरी पट्टी जोरानं ओढली की त्या पसरत, हलकी ओढली की मधेच तुटत. आणखी दाबलं तर चकतीच पापडासारखी तडके.

"बाबा, ही शेवटची हाय."

"मले दिसून राह्यलं. घडीघडी सांगू नको!"

त्यानं जाळी पुन्हा पुसली, श्वास रोखून पट्टी ओढली, चौकट उचलली. एकही रेघ तुटली नव्हती.

"निघाली!" तो ओरडला आणि देवमनला फोन करायला अंगणात गेला. देवमन चिनी मातीचे कृत्रिम दात भाजून बनवायचा. भट्टी त्याचीच मिळणार होती.

परत येऊन पाहतो, तर ओल्या रेघांवर कुंकवाचं बोट उमटलेलं, आणि शेजारी करंडा घेऊन बायको, पंचफुला.

"अवं, हे काय केलं तू? हे काय लगन हाय?"

"तुमीच तं निघाली म्हणून ओरडले!"

खरंच होतं. पत्रिकेची पहिली प्रत नीट उतरली की तो असाच ओरडे आणि ती येऊन कोपऱ्याला कुंकू लावी. त्याला रागवायलाही जागा उरली नाही. सगळा राग हातात उतरला. थिनरचा बोळा घेऊन तो लगदा पुसू लागला. रेघा गेल्या, कुंकू जाईना. त्यानं जोर केला. कट्‌ आवाज झाला आणि चकतीचे दोन तुकडे झाले.

वैजयंतीनं दोन्ही तुकडे उचलून उजेडात धरले.

"अर्धीवरबी चालते, बाबा," वैजयंती म्हणाली. "वीज कमी निघन, पण निघन."

"मंग आदी काहून नाही सांगतलं?"

"आदी तुटली कुठं होती?"

बिनकुंकवाचा तुकडा नीट पुसून त्यानं जाळीखाली ठेवला, पट्टी ओढली, चौकट उचलली. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होत्या. शब्द ओठांवर आला. पंचफुला आत गेली होती त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यानं पाहिलं आणि तो गिळला.

"देवमनकाकाले फोन लाव," तो कुजबुजला. "अन् बाहेर जाऊन बोल."