गोळीने की चालण्याने?

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. चपटा पत्र्याचा डबा, काचेची नळी, तिच्यात पारा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तो थेट एका डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर येऊन बसलो. मित्रांनो, मी जन्माचा चौकस! पट्ट्यात दंड आला, की आत काय चालले आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नसे.

माझ्याकडे दोन म्हातारी भावंडे येत: शिंपीकाका आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. दाब दोघांचाही जास्त. मधल्या भावाला याच दुखण्यातून अर्धांगवायू झाला होता, म्हणून अक्का सतत धास्तावलेल्या. त्या गोळी कधी चुकवत नसत, पण खुर्चीतून हलतही नसत. काका गोळी घेत आणि भरभर फिरूनही येत. दाब गोळीने उतरतो की चालण्याने, यावरून दोघे दवाखाना डोक्यावर घेत. मलाही तेच कुतूहल होते. पण पारा उतरलेला तेवढा दिसे. कशाने उतरला, ते कळायला मला मार्ग नव्हता.

एकदा काकांचा दाब छान उतरला. स्वारी खूश! पुढच्या खेपेला मात्र माझा पारा चढतच गेला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना जरा शांत बसवून पुन्हा मोजले. तेच!

"काका, गोळ्या घेताय ना?"

"कपडा अंगावर नीट बसला, की आम्ही शिवण थांबवतो, बाई. दाब बसला, गोळ्या थांबवल्या."

"अहो, पण कपडा बसला म्हणून टाके उसवता का?"

अक्कांचे डोळे भरून आले. "एकाला अंथरुणात बघतेय. दुसऱ्याला बघायची ताकद नाही रे माझ्यात."

मला फार वाईट वाटले.

"आणि अक्का, तुमचाही दाब म्हणावा तसा उतरत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी आणि चालणं, यांचं भांडण लावू नका. चालून कुणाची गोळी कमीही होते, पण ते मोजून मी ठरवीन."

"मी कुणाबरोबर चालू?" अक्का पुटपुटल्या.

"मी आहे ना," काका म्हणाले. "तू मला आठवणीने गोळी दे, मी तुला हात देतो."

आता टेबलावर बॅटरीचे यंत्र आले आहे आणि मी कपाटावर धूळ खात आहे. नवे आकडे मला इथून दिसत नाहीत, म्हणून मी अक्कांच्या चेहऱ्याकडे बघतो. हल्ली त्या हसत बाहेर पडतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण दाब चढला तरी माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रोज विचारा, "गोळी घेतली का?" आणि विचारून तिथेच थांबू नका, चपला घाला आणि त्यांच्याबरोबर फिरायला निघा.