तेलाची सवय

म्हाताऱ्या मिस्त्रीने मागच्या टायरवरून तळवा फिरवला. एका जागी रबर घासून सपाट झालं होतं. तो उकिडवाच पलीकडच्या चाकाकडे सरकला. तिथेही तसंच होतं. मागे उभा असलेला फिटर त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता.

हा ट्रक चार दिवसांपूर्वी उताराच्या वळणावर उलटला आणि त्यात मिस्त्रीचा जावई गेला. ब्रेकचं काम आदल्याच आठवड्यात या फिटरने केलं होतं, त्यामुळे सगळा डेपो त्याच्याकडे बोट दाखवून मोकळा झाला होता. मिस्त्रीच्या मुलीने तर त्याच्या दारात उभं राहून, शेजारपाजार ऐकत असताना, त्याला खुनी म्हटलं. तरी तपासणीला कोणाला बोलवायचं असं साहेबांनी विचारल्यावर फिटरनेच मिस्त्रीचं नाव घेतलं.

केबिन पार चेपली होती; मागच्या ब्रेकची हवेची लाइन मात्र शाबूत होती. मिस्त्रीने टाक्यांत हवा भरून घेतली आणि एकेका जोडाला कान लावला. कुठे फुसकारा नाही. तासभर वाट पाहिली, दाबाचा काटा जागचा हलला नाही.

"तुझं काम चोख आहे," तो म्हणाला.

फिटरने मान खाली घातली. "ते मला ठाऊक होतं, मामा. तुमच्या जावयाच्या मागून येणारा ट्रकवाला भेटला होता मला. उतारभर यांचा मागचा ब्रेकचा लाल दिवा लागायचा, विझायचा. लागायचा, विझायचा."

मिस्त्रीने जमिनीवर बसकण मारली.

"साहेबांना का नाही सांगितलंस?"

"गेलेल्या माणसावर काय ढकलायचं?"

संध्याकाळी मुलीने बापापुढे चहा ठेवला.

"कबूल केलं त्याने?"

"त्याची चूक नाही."

"मग कोणाची?"

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर इथे संन्यासी आपणहून तयार होता. मिस्त्री फिटरचं नाव घेऊन मोकळा झाला असता, तर पोरीचं दुःख आहे तेवढंच राहिलं असतं.

"छोट्या गाडीला तेलाचे ब्रेक असतात," तो म्हणाला. "पायडल खाली गेलं तर भराभर दोन-चारदा दाबायचं. तेल जमतं, ब्रेक लागतो. अकरा वर्षं तुझ्या नवऱ्याने तसलीच गाडी चालवली. मोठ्या गाडीला हवेचे ब्रेक. तिथे पाय दाबला की दाबूनच ठेवायचा. दरवेळी सोडला की तेवढी हवा बाहेर जाते. असं करत राहिलं तर टाकी रिकामी होते."

"मग ब्रेक लागत नाही?"

"उलटं. तेल गेलं तर ब्रेक लागत नाही. हवा गेली तर मागची चाकं आपोआप जखडतात. सरळ रस्त्यावर निभावतं. त्याची जखडली ती वळणावर; टायर घासून सपाट झालेत."

"हे ह्यांना कोणी शिकवलंच नाही?"

"दोन दिवस शिकवलं होतं डेपोत. पण घाबरलं की पाय जुन्या सवयीने चालतो."

"मग नीट विचारून घ्यायचं ना कुणाला तरी!" ती चिडून म्हणाली.

"विचारलं होतं. मला," मिस्त्री म्हणाला. "नवी नोकरी लागली त्या दिवशी, इथेच जेवताना. म्हणाला, मामा, तेलाच्या आणि हवेच्या ब्रेकमध्ये नेमका फरक काय? आणि मी काय सांगितलं? जावईबापू, ब्रेक तेलाचा असो की हवेचा, बायकोने हाक मारल्यावर गाडी थांबली म्हणजे झालं."

चहावर साय धरली होती. मिस्त्रीने कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"उद्या साहेबांना हे सगळं लिहून देतो," तो म्हणाला. "माझ्यासकट."

"मी हसले होते, बाबा," ती म्हणाली. "आपण दोघं हसलो, म्हणून तेही हसले. त्यांना अजून काहीतरी विचारायचं होतं."