पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. माझा नवरा शंकरप्पा विम्याचा एजंट होता आणि त्याला स्वतःबद्दल फार आदर होता. दुसऱ्या कुणाला तो नाही, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही. कपाळाला ताजी विभूती लावून, काखेत बॅग मारून तो उदगीरच्या बाजारात निघाला, की ओळखीची माणसं दुकानात आत सरकत.

त्या साली दुष्काळ होता. लोक बैल विकत होते, विम्याचा हप्ता कोण भरणार? वर्षाचं ठरलेलं काम झालं नाही तर एजन्सी जाईल, म्हणून स्वारी कासावीस. मग त्याला शिवकांता आठवली.

शिवकांता त्याच्या मेलेल्या भावाची मुलगी. आईबाप दोघंही ट्रकखाली गेले, तेव्हापासून आमच्याकडेच. भरपाईचे पैसे तिच्या नावानं बँकेत होते, आणि कोर्टानं पालक म्हणून यालाच नेमलेलं. कोर्टानं पालक नेमला की एकविसाव्या वर्षापर्यंत माणूस अज्ञानच, असा तेव्हा कायदा होता. पोरगी बारावी झाली होती. नांदेडला डी.एड.ला तिचा नंबर लागला होता, पैसे भरायचे तेवढे राहिले होते.

यानं काय केलं? ते सगळे पैसे पेन्शनच्या योजनेत गुंतवायला परवानगी द्या, असा कोर्टात अर्ज केला. पेन्शन सुरू होणार तिच्या पंचावन्नाव्या वर्षी. एजंट कोण, हे अर्जात नव्हतं. कारण मात्र होतं: मुलगी एका पायानं लंगडी आहे, तिचं लग्न होणार नाही, ती एकटी राहू शकत नाही. हे त्यानं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, तिच्यासमोर, आणि वर मला विचारलं, "कसं लिवलंय?" शिवकांता ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून ती घागर घेऊन बाहेर पडली. मला त्या माणसाची किळस आली.

पूर्वी असल्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागे. आता लातूर जिल्हा झाला होता. "आपलाच जिल्हा, आपलंच कोर्ट," म्हणत शंकरप्पा इस्त्रीचा सदरा घालून निघाला. लंगडी पोरगी जज्जाला दिसावी म्हणून तिला घेतलं, आणि तिला धरायला मला. तिला धरावं लागत नाही, पण ते असो.

वकिलानं अर्ज वाचला. जज्जसाहेबांनी विचारलं, "हीच योजना का?"

वकील तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे हे उभे राहिले. आपण कुठं आहोत याचा त्यांना विसर पडला. बोनस काय, व्याज काय, म्हातारपणी पोरं कशी विचारत नाहीत काय, सगळं झालं. मग बॅगेतून छापील माहितीपत्रक काढून त्यांनी पुढं केलं. "साहेब, तुमचं सोताचं काय? रिटायर झाल्यावर इचार करून उपेग न्हाई."

कोर्टात कुणीतरी फस्सकन हसलं.

"एजंट तुम्हीच का?" साहेबांनी विचारलं.

"हाव साहेब, मीच! घरचा माणूस. सर्व्हिसची काळजी न्हाई." छाती फुगवून सांगितलं. वकिलानं कपाळाला हात लावला. असला गाढव मी दुसरा पाहिलेला नाही.

साहेब शिवकांताकडे वळले. "तुला काय करायचंय?"

ती खाली बघत राहिली. ज्याच्या घरात भाकर खायची त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? साहेब वाट बघून कागदाकडे वळले, तशी मी उठले.

"साहेब, ती एकटी ऱ्हाऊ शकत न्हाई म्हणून लिवलंय. आमच्या घरात टँकरचं पाणी कोण आणतंय, ते इचारा त्येंना."

साहेबांनी विचारलं.

"पोरगीच आणती," शंकरप्पा म्हणाला. "माझी कंबर धरती ना, साहेब."

आता कोर्टात कुणी हसलं नाही. शिवकांतानं मान वर केली.

"मला मास्तरीण व्हायचंय, साहेब. पंचावन्न वर्षाची झाल्यावर न्हाई. आत्ता."

अर्ज फेटाळला. नंबर लागल्याचं पत्र बघून, फी बँकेतून थेट कॉलेजला जावी असा हुकूम झाला, आणि या पालकाला का काढू नये, हे पुढच्या तारखेला सांगा म्हणाले. हुकमाची नक्कल संध्याकाळच्या आत हातात पडली.

स्टँडवर शंकरप्पा म्हणाला, "वकिलानं घात केला. साहेबांना योजना पटली होती." त्याला अजूनही काही कळलं नव्हतं, आणि कळणारही नव्हतं. या माणसाला मी इतकी वर्षं अहो-जाहो केलं, याची मला लाज वाटली.

उदगीरची गाडी लागली. तो चढला. आम्ही खालीच.

"तुम्ही जावा," मी म्हणाले. "आमी नांदेडला चाललो. फीची उद्या शेवटची तारीख हाय, हा हुकूम कॉलेजात दाखवू. माझ्या बहिणीकडं उतरू."

"अन् माझं जेवण?"

मी पाठ फिरवली. नांदेडच्या गाडीत बसल्यावर शिवकांता हळूच म्हणाली, "काकू, घरी गेल्यावर तुमचे लई हाल करतील ते."

"करू दे," मी म्हणाले. "तू खिडकीकडं सरक."