काकांनी मला तेल पाजलं

मित्रांनो, जुना म्हणाल तर मी जुना आहेच. पण भंगार म्हणालात तर राग येईल. मी बाणांना पिसं बसवायचा साचा आहे. बाणाच्या शेपटाला तीन पिसं असतात ना, ती नुसत्या अंदाजाने चिकटवली की प्रत्येक बाण आपल्या मर्जीने उडतो. माझ्याकडून तयार झालेले बाण मात्र सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, आणि भांडत नाहीत.

मला एका घड्याळजीने आपल्या लेकीसाठी बनवलं, बंद पडलेल्या घड्याळाची तबकडी वापरून. बाणाची काडी माझ्या मधोमध उभी करायची. पीस पितळी चिमट्यात धरायचं, बुडाला गोंद लावायचा, काडीला टेकवायचं आणि गोंद धरेपर्यंत गप्प बसायचं. पहिलं पीस बाराच्या आकड्यावर, मग काडी फिरवून दुसरं चारवर, तिसरं आठवर. यातलं गप्प बसणं सगळ्यांत अवघड.

तरुणपणी माझा काय दरारा होता! माझा एक बाण इतका सरळ गेला, की अजून परत आलेला नाही. एकदा तर समोरून येणाऱ्या वाऱ्याने बाजूला सरून वाट दिली. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते आता मलाही आठवत नाही.

पुढे दुकानात तयार बाण मिळू लागले. घड्याळजींची लेक मोठी होऊन मुलांना तिरंदाजी शिकवू लागली, आणि मी रंगाच्या डब्यांमागे फळीवर गेलो. तिथे एका कोळ्याने माझ्या चिमट्यात संसार थाटला. भाडं दिलं नाही, पण सोबत दिली. त्याचेही आभार.

माझं नशीब उघडलं ते बारकीमुळे. बारकी ही घड्याळजींच्या लेकीची भाची. नाव बारकी, पण दारातून वाकून आत येते. हात असे लांब, की दुकानातले बाण तिला आखूड पडायचे. संघाची निवड चाचणी जवळ आली होती. पुढच्या वर्षी बारकी त्या वयोगटात बसणार नव्हती. जे व्हायचं ते यंदाच. मावशी म्हणाली, "लांब काड्या आणते. पिसं घरीच बसवू."

मी फळीवरून टेबलावर आलो. मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, माझी दया आली. "किती वाळलाय बिचारा!" म्हणत त्यांनी शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि मला पोटभर पाजलं. कुणाला सांगितलं नाही. इतकी माया मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. मी नुसता चकाकत होतो! पण तेलाचं आणि गोंदाचं हाडवैर. पिसं बसवताना चिमट्यातलं तेल गुपचूप त्यांच्या बुडाला लागलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी बारकीने मागच्या अंगणात सरावाचा बाण सोडला. बाण पुढे गेला, पीस तरंगत मागे आलं. दुसऱ्याचंही तेच.

"मावशी, बाणांना टक्कल पडतंय!" बारकी हसत म्हणाली, पण तिसऱ्या बाणाला तिने हात लावला नाही.

मावशीने माझ्या चिमट्यावरून बोट फिरवलं, वास घेतला. "अहो, याला तेल कुणी घातलं?"

"करकरत होता गं..."

"तो नाही करकरत. तुमचे गुडघे करकरतात!"

मग काकांनीच मला साबणाच्या पाण्याने घासलं, असं घासलं की आकडे उडतात की काय असं वाटलं. चाचणी दुपारी होती. प्रत्येक फेरीला सहा बाण लागतात. मारायचे, उपटून आणायचे, पुन्हा मारायचे. तेव्हा निदान सहा तरी हवेत. मावशीने काड्या खरवडल्या, नवी पिसं घेतली आणि कामाला लागली.

"धरला असेल की आता गोंद. काढ ना," काका म्हणाले.

"तुम्ही हातांवर बसा बघू."

काका खरोखरच आपल्या हातांवर बसले. एकेक बाण तयार होत गेला आणि ऊन खिडकीकडे सरकत गेलं. शेवटच्या बाणाचं शेवटचं पीस राहिलं, तेव्हा काकांनी बाहेर स्कूटर सुरू केली.

"मावशी, एवढं एक हातानेच लाव ना गं. उशीर होतोय."

"पाच शहाणे आणि एक मनमौजी? त्यापेक्षा पाचच ने." मावशीने काडी आठवर फिरवली, चिमटा टेकवला आणि डोळे मिटून बसली. बाहेर स्कूटर फुरफुरत होती. मित्रांनो, इतकं घट्ट मी आयुष्यात काही धरलं नव्हतं.

पुढचं मला काकांनी सांगितलं, आणि थापा मारण्यात ते माझे गुरू शोभतील. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सहाही बाण एका बशीत मावतील इतके जवळ लागले. बारकी म्हणते, बशी नाही, परात. निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव अगदी तळाला होतं. तळाला का असेना, होतं!

मित्रांनो, मी घड्याळजींचा ऋणी आहे, मावशीचा आहे, आणि खोटं कशाला सांगू, काकांचा तर फारच आहे. जुन्या वस्तूवर माया करा. फक्त करण्याआधी, तिला काय हवंय, ते तिच्या माहितगाराला विचारा.

काका हल्ली कोरडं फडकं घेऊन येतात आणि मावशी घरात नसली, की थेट मलाच विचारतात, "पुसू का रे?" ते जरा वेळ वाट बघतात, मग अगदी हलक्या हाताने पुसतात.