नवऱ्याचा ढगळ शर्ट

मोहिनी नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. पन्नाशीत तिने सायकल घेतली आणि मे महिन्यातल्या एका रविवारी धाकट्या बहिणीकडे, इंदिराकडे, सायखेड्याला निघाली. अंगात दुकानदाराने गळ्यात मारलेला काळा, घट्ट, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट. निघायलाच आठ वाजले. ओढा गावाच्या पुढे जाईपर्यंत दंड भाजले, कापड पाठीला चिकटलं. डोकं गरगरायला लागलं तशी ती उतरली आणि रस्त्याकडेच्या द्राक्षबागेत सावलीला बसली.

बागेत बायका काम करत होत्या. सगळ्यांच्या साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचे शर्ट. त्यांच्यातल्या वत्सलाबाईंनी तिला पाणी दिलं.

मोहिनीला राहवेना. “एवढ्या उन्हात दोन-दोन कपडे? गरम नाही होत?”

“उघड्या अंगाला ऊन लय लागतं, ताई. शर्ट ढगळ पाहिजे, नवऱ्याचा. वारं आत शिरलं की गार वाटतं. तुमचा तर कातड्यावानी चिकटलाय.”

“मग नवरे काय घालतात?”

“बनेन घालून बसलेत तिकडं झाडाखाली!”

सगळ्या हसल्या. मोहिनी सायकल टेम्पोत टाकून घरी परतली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा उपेंद्र गच्चीत आला, तर पाण्याच्या तीन बाटल्या उन्हात उभ्या. एकीला काळा टी-शर्ट, एकीला पांढरं बनियन, एकीला त्याचा सुती शर्ट.

“माझा शर्ट बाटलीला?”

“ताप बघतेय,” थर्मामीटर वाचत ती म्हणाली. काळी बाटली सर्वांत तापली होती, सैल शर्टाची सर्वांत कमी. “पण बाटलीला घाम कुठे येतो? मलाच जाऊन बघायला हवं.”

“मग सहाला नीघ.”

“वेळ बदलली तर कळणार कसं, शर्टाने झालं की सकाळच्या गारव्याने?”

पुढच्या रविवारी ती पुन्हा आठलाच निघाली. सलवार साखळीत अडकू नये म्हणून घोट्याशी रबरबँड लावले. ओढा मागे पडला, चांदोरी मागे पडली. शर्ट पाठीवर फडफडत होता. सव्वादहाला तिने इंदिराच्या दारात घंटी वाजवली.

“अगं, भाऊजींचा शर्ट?”

“पाठीला हात लाव. तापलीय?”

“ओली आहे, पण तापलेली नाही,” इंदिरा म्हणाली. मग मागून नीट बघत, “मान मात्र लालबुंद झालीय.”

मोहिनीने मान चाचपली. खरंच चुरचुरत होती.

“हं,” ती म्हणाली, “तुझ्याकडे एखादी जुनी सुती ओढणी आहे का?”