चुंबकापासून वीतभर

सुनेनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी तार पडद्यावर दाबून धरली आणि उजव्या हातातला कुंचला चिकटवायच्या सोल्युशनमध्ये बुडवला. टेबलावर आडवा ठेवलेला, दुरुस्तीला आलेला स्पीकर दाराच्या फळीएवढा लांब आणि जेमतेम दोन बोटं जाड होता. त्याला खोका नव्हता की भोंगा नव्हता. पातळ प्लॅस्टिकचा ताणलेला पडदा, त्यावर चिकटवलेली केसासारखी तार आणि मागे रांगेनं बसवलेली चुंबकं, एवढाच त्याचा संसार. जुन्या सोल्युशनचा भुगा होऊन तार जागोजाग सुटली होती, एका ठिकाणी तुटलीही होती. ती पुन्हा बसेपर्यंत दहा मिनिटं हात हलवून चालणार नव्हतं. पडद्याला सुरकुती पडली की तो कामातून गेला.

दार वाजलं नाही, नुसतं उघडलं.

"तुटलेलं टोक सापडलं का?" सासरे विचारत होते.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला होता. चुंबकापासून किमान वीतभर लांब राहा, असं डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं. तिचा वीतभरावर विश्वास नव्हता. तिनं त्यांना ही खोलीच बंद केली होती.

"बाबा, तिथेच थांबा."

ते थांबले नाहीत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. बारीक काम दिसलं की मान आपोआप खाली जायची. चष्मा कपाळावर सारून ते टेबलावर वाकू लागले. सदऱ्याचा खिसा पडद्याच्या दिशेनं खाली खाली येत होता.

तिनं तार सोडली. दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून तिनं त्यांना मागे रेटलं, ते भिंतीला टेकेपर्यंत. मागे तार उसळून वर आली आणि ओलं सोल्युशन पडद्यावर पसरलं.

"चक्कर येतेय का? बोला ना काहीतरी."

"माझं ठीक आहे. तुझंच धडधडतंय."

ती हसली नाही. त्यांना बाहेरच्या खोलीत आणून खुर्चीवर बसवलं, मनगट धरलं आणि ती नाडी मोजू लागली. आकडे चुकत होते. तिसऱ्यांदा चुकल्यावर ती मध्येच थांबली.

"बाबा, तार तुटलीय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते खिडकीकडे बघू लागले.

"तू मुलीला शाळेतून आणायला गेलीस की त्या खोलीत येतो मी. आठ दिवस झाले."

आठ दिवस. रोज अर्धा तास, घरात दुसरं कुणी नसताना. मनगट तिनं सोडलं नाही.

"आणि काही झालं असतं म्हणजे?"

त्यांनी मनगटावरच्या तिच्या बोटांकडे पाहिलं.

"माझ्या खोलीत पडलो की मी हे ठोकेच ऐकत बसतो. आता थांबेल, मग थांबेल. आयुष्यभर लोकांच्या घड्याळांना कान लावला, पण अशी भीती कधी वाटली नाही. तुझ्या त्या खोलीत आलो की विसरतो."

रागवायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं. उठून तिनं दवाखान्यात फोन केला. त्रास होत नसेल तर काळजीचं कारण नाही, तारांना टाके घालायचं सोल्डरिंग आयर्न छातीपासून लांब धरून वापरलं तर चालेल, असं तिथून सांगितलं. तिनं तेच पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग स्पीकरसोबत आलेली जोडणीची छोटी पेटी तिनं बाहेर आणली. तिच्यात चुंबक नव्हतं. आतल्या तारांचे चार टाके सुटले होते.

"हे तुम्ही करा. इथेच बसून."

त्यांनी पेटी उजेडाकडे फिरवली, चष्मा पुन्हा कपाळावर सारला आणि आयर्न तापायची वाट पाहत बसले. पहिला टाका बसला तेव्हा धुराची बारीक रेघ वर गेली.

"तू जा आत. तुझं सोल्युशन वाळेल."

"वाळू दे."

ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. ते कामात बुडाले होते, तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. खोलीत त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो मोजायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि ती मोजत राहिली.