दृष्ट न लागणारी शिफारस

“पोरगा? कसला पोरगा गं, वाळकं लाकूड आहे नुसतं!” उम्म सालेम म्हणाली आणि गालांत डोळे बुडालेलं आपलं गुटगुटीत लेकरू तिनं ओढणीआड सारलं. “रंग बघ, चुलीवरची कढई उजळ म्हणायची. आणि रडका तर असा, की शेजारीण घर सोडून जाईल.”

“देव राखो त्याला,” रबाब म्हणाली आणि शब्दन्‌शब्द लिहून घेतला.

इजिप्तमधल्या रशीद गावच्या आरोग्यकेंद्रात रबाब परिचारिका होती. तिथल्या सुईण इन्शिराहबाई, साऱ्या गावाच्या हकीमाबाई, रमजाननंतर निवृत्त व्हायच्या होत्या. अख्ख्या प्रांतातून एकाच सुईणीला परिचारिका संघाचा पुरस्कार मिळायचा, तोही कामावर असतानाच. म्हणजे बाईंसाठी हे शेवटचं वर्ष. रबाबनं मनाशी धरलं होतं, चहा-बिस्किटांवर निरोप घेऊन बाई अशाच जाता कामा नयेत. जिच्या हाताखाली आपण शिकलो, जिच्या हातांवर आपली लेक जन्मली, तिचं नाव एकदा तरी मोठ्यानं घेतलं गेलं पाहिजे.

बाईंना विचारलं तेव्हा त्या हात धूत होत्या.

“कसला पुरस्कार? कळा त्यांनी सोसल्या, बाळं त्यांनी जन्माला घातली. मी जवळ उभी होते, इतकंच.” मग रबाबचं उतरलेलं तोंड पाहून जरा नरमल्या. “बरं, लिही. पण सही वाचल्यावरच करीन. खोटं एक अक्षर दिसलं, तर फाडून तुझ्याच हातात देईन.”

नोकरीची वर्षं, प्रशिक्षणं, प्रमाणपत्रं, सगळं भराभर जमलं. शेवटच्या पानावर मागितलं होतं: कामाचा लोकांच्या आयुष्यावर झालेला परिणाम, त्यांच्याच शब्दांत. म्हणून रबाब दारोदार फिरली. इन्शिराहबाईंचं नाव काढलं की बायका कामं टाकून धावत, चहा ठेवत, बाळं पुढे आणत आणि बाळांची मनसोक्त निंदा करत. रबाब तृप्त होऊन घरी परतली. तिच्या कानाला ती सगळी फुलंच होती.

संघाच्या दमनहूरच्या कार्यालयात मदाम नेवीन अर्ज तपासून पुढे कैरोला पाठवत असे. बाईंच्या सहीआधी रबाबनं दाखवायला आणलेलं शेवटचं पान तिनं वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

“रबाब, ही शिफारस आहे की तक्रार?”

“का हो?”

“‘मुलगी माकडासारखी.’ ‘मुलगा अर्ध्या भाकरीएवढा.’ ‘जुळी झाली, दोन्ही बिनकामाची.’ अगं, या बाईच्या हातून धड एक बाळ जन्मलं नाही म्हणायचं!”

रबाबला हसू आलं. “मदाम, तुम्हीही आई आहात. दृष्ट लागू नये म्हणून बोलतात हो असं.”

“मला नको सांगू. माझ्या लेकाला मी अजून बेडूक म्हणते, चांगला वकील झालाय तो. पण समितीतले साहेब काही पोरांना न्हाऊ घालत नाहीत. ते लिहिलंय तेच वाचणार. गुरुवारी कार्यालय बंद व्हायच्या आत नवं पान आण. नाहीतर पुढच्या वर्षी.”

पुढचं वर्ष होतंच कुठं?

रबाब तशीच उम्म सालेमच्या दारात गेली. सगळं ऐकून उम्म सालेमनं पोराला आणखी घट्ट धरलं.

“म्हणजे ‘माझा सालेम सोन्याचा तुकडा’ असं लिहून कैरोला धाडू? परक्या डोळ्यांपुढे? हकीमाबाईंसाठी माझा जीव देईन, रबाब. पोराचा नाही देणार.”

रबाबनं स्वतःच्या लेकीबद्दल लिहायला घेतलं होतं, तेव्हा ‘धडधाकट’ या शब्दाशी तिचाही हात अडला होता.

उम्म सालेम चहा ओतायला वाकली आणि कंबर धरून विव्हळली. “हाय गं. त्या दिवसापासून धरलीय ती धरलीच.”

“कुठल्या दिवसापासून?”

“ह्याच्या वेळी. रक्त थांबेना. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. हकीमाबाईंनी रस्त्यावर जाऊन मासळीची गाडी अडवली. टोपल्या उतरवल्या, मला आत घातलं. इस्पितळ येईतो त्यांची मूठ माझ्या ओटीपोटावर दाबलेली. खड्डे आले, वळणं आली, मूठ हलली नाही. आणि मी डोळे मिटू नयेत म्हणून विचारतायत, ‘बोय मासळीचा भाव काय गं? एवढा? फसवतेस मला!’ मी मरता मरता भांडत होते बघ! पुढे दोन दिवस त्यांना चमचा धरवेना, त्यांच्या बहिणीनं भरवलं.”

चहा निवून गेला. रबाबची लेखणी धावत होती. सुख झाकायचं असतं, पण दुखणं चारचौघांत उघडं मांडता येतं. त्याला कोण दृष्ट लावणार?

मग एकाही घरात तिनं बाळाचं विचारलं नाही. “तुझ्यावर काय बेतलं होतं, सांग,” एवढंच म्हणायची, की बांध फुटायचा. नबवीयाची सासू तिला इस्पितळात जाऊ देत नव्हती, तेव्हा बाई उंबऱ्यात फतकल मारून म्हणाल्या होत्या, “ठीक आहे, मग मीही इथंच राहते. जेवायला काय केलंय?” सासूनं तासाभरात गाडी मागवली. शेवटी रबाबनं स्वतःचं लिहिलं. पहिलं बाळ गेलं होतं, म्हणून दुसऱ्याला हात लावायची तिला भीती वाटत होती. इन्शिराहबाई त्या तान्हीला मांडीवर घेऊन दुपारभर शेजारी बसल्या, एका हातानं मसूर निवडत. घे म्हणाल्या नाहीत, समजावलं नाही. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा रबाब आपणहून म्हणाली, “द्या.”

गुरुवारी सकाळी इन्शिराहबाई केंद्राच्या बाकावर ते पान घेऊन बसल्या. एकदम म्हणाल्या, “हे चुकलंय.”

रबाबनं घाईनं पानात डोकावलं.

“गाडीवाल्याचं नाव कुठंय? फरगली नाव त्याचं. दिवसाची कमाई रस्त्यावर ओतली त्यानं. घाल आधी.”

रबाबनं घातलं. बाई पुढे वाचत गेल्या. मसुरापाशी थांबल्या.

“मला वाटलं होतं, तुझ्या ध्यानातही नसेल.”

“मी रोज आठवते, हकीमाबाई. कधी म्हटलं नाही, एवढंच.”

त्यांनी सही केली. कागद मात्र लगेच सोडला नाही. “याचा एक फोटो बहरीनला पाठवशील? माझ्या लेकाला, यासीनला. लहानपणी जेवण झाकून ठेवून मी निघायची, की दार धरून रडायचा, ‘कुठं जातेस?’ सांगायला कधी वेळच झाला नाही बघ.”

फोटो बहरीनला गेला, कागद दमनहूरला. मदाम नेवीननं उभ्याउभ्याच वाचला आणि शिक्का मारला. समितीचं उत्तर यायला अजून अवकाश होता. यासीनचं त्याच संध्याकाळी आलं. रबाब बाजारातून परतताना पाहते, तर इन्शिराहबाई दारातल्या पायरीवर बसलेल्या, फोन कानाशी, डोळ्यांतून धार लागलेली, आणि त्या नुसतं म्हणत होत्या, “हो रे बाळा. हो. तिथंच जायची मी.”